जाळ्याला वळसा

तो संदेश याकूबच्या हातचा नव्हता.

हेडफोन कानांवर दाबून धरत मी शेवटपर्यंत ऐकलं. बिनतारीच्या कळेवर प्रत्येकाचा हात वेगळा पडतो. चालीवरून माणूस ओळखावा तसा तो ओळखता येतो. याकूब होडेकरचा हात उतावळा होता. शब्द संपता संपता तो शेवटचं अक्षर गिळायचा आणि संदेश पुरा झाला की उगाच एक टिचकी जास्त मारायचा. मुंबईच्या सिग्नल शाळेत आम्ही एका बाकावर शिकलो, आणि त्या टिचकीपायी त्याने मास्तरांची बोलणी पोटभर खाल्ली होती. आज येणारा हात जड होता. एकेक अक्षर आठवून आठवून मारल्यासारखा.

संदेश असा होता : सतरा जखमी. पाणी संपलं. टेकाड अंधार पडेपर्यंत धरू. सिग्नलमन जखमी, शुद्धीवर आहे. बोट पाठवा.

कागद घेऊन मी डेकवर गेलो. लेफ्टनंट चेरियन ओला नकाशा उन्हात धरून उभे होते. वय फार तर चोवीस. कोट्टायमकडच्या डोंगरात, रबराच्या मळ्यावर वाढलेले. नौदलात येईपर्यंत आपण खारं पाणी फक्त लोणच्यात पाहिलं होतं, असं ते स्वतःच सांगत. त्यांनी कागद वाचला आणि घडी घातली.

"मोंडकर, होडेकरला सांगितलंस?"

"नाही, साहेब."

"तूच सांग. तुमच्या भाषेत सांग."

पण सांगायला जावं लागलं नाही. हसनमामू माझ्या मागेच उभे होते.

"हात कुणाचा होता, जिवा?"

हसन होडेकर आमच्या बोटीचे सुकाणी. याकूबचे वडील. याकूबला फौजेच्या तुकडीबरोबर वर किनाऱ्यावर उतरवल्यापासून प्रत्येक संदेशानंतर ते माझ्या खोलीत डोकावून एवढंच विचारत. संदेशात काय आहे, ते त्यांनी कधी विचारलं नाही. मी 'याकूबचा' म्हणायचो आणि ते मान हलवून परत चाकावर जायचे.

"दुसऱ्या कुणाचा तरी," मी म्हणालो. "पण याकूब शुद्धीवर आहे, मामू. तसं आलंय त्यात."

"शुद्धीवर. म्हणजे लागलंय."

"लागलंय."

"कुठं?"

"ते नाही सांगितलं."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली. मग साहेबांकडे वळून हिंदुस्थानीत म्हणाले, "साहेब, भरती लागतेय. आत्ता निघालो तर हिच्याबरोबर वर जाऊ, नि पाणी उतरायच्या आत खाली येऊ. ही सोडली तर पुढची अंधारात."

"एकट्याने जावं लागेल. दुसरी बोट खालच्या फाट्यावर चिखलात बसलीय."

"एकट्यानं जाऊ."

"वर किती वेळ मिळेल?"

"जखमी उचलायला मिळेल. बोलत बसायला नाय."

साहेबांनी नकाशा गुंडाळला आणि इंजिनं सुरू करायला सांगितलं.

ही १९४५ च्या जानेवारीतली गोष्ट. आराकान म्हणजे बर्माचा पश्चिम किनारा. तिथे समुद्र शेकडो फाट्यांनी जमिनीत शिरलेला आहे. अशा फाट्याला तिकडचे लोक चाउंग म्हणतात. आम्हाला त्यात नवं काही नव्हतं. कांदळ, चिखल, खेकड्यांची बिळं, भरतीला काठोकाठ येणारं आणि ओहोटीला पोट उघडं टाकणारं पाणी. माझी देवगडची नाहीतर मामूंची जैतापूरची खाडीच कुणी उचलून तिकडे नेऊन ठेवली होती. फरक एवढाच, की इथल्या कांदळात जपानी होते. आमच्यासारख्या लहान लाकडी बोटी फौजेला वर न्यायच्या, दारूगोळा आणि शिधा पोचवायच्या, जखमी खाली आणायच्या. आमच्या बोटीला नंबर होता, नाव नव्हतं. तोफेवरचा गुणाजी तारी तिला 'म्हस' म्हणायचा, कारण चिखल दिसला की ती बसायची.

निघताना गुणाजीने तोफेवरची ताडपत्री ओढली आणि चाकाकडे तोंड करून म्हणाला, "मामू, घोर लावन घेव नकात. तुमच्या याकूबाचा कातडा कासवाचा असा."

"तू तोंड मिट नि डोळे उघड."

"दोन्ही एकदम कसा जमतला? माझा तोंड नि डोळे एकाच दोरीक बांधलेले असत."

मामूंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. एरवी गुणाजीला ते एक तरी शिवी परत करत.

बिनतारी बंद ठेवायचा हुकूम होता. त्यामुळे मला खाली काम नव्हतं. मी चाकाजवळ, मामूंच्या डाव्या हाताला उभा राहिलो. काठावर नजर ठेवायची, एवढंच काम.

पहिल्याच वळणावर जाळ्याचे खुंट दिसले. उजव्या काठापासून दोन तृतीयांश पाण्यात आडवी ओढलेली बांबूंची रांग, आणि प्रत्येक बांबूच्या शेंड्याला बांधलेलं झावळीचं हिरवं पातं. मामूंनी वेग उतरवला, बोट डावीकडे घेतली आणि काठाजवळच्या मोकळ्या पाण्यातून वळसा घातला.

"होडेकर," चेरियनसाहेब म्हणाले, "आज सरळ चला."

"साहेब, पातं हाय."

"पातं मलाही दिसतंय. तुमचा मुलगा वर आहे."

"म्हणून तर. पंख्यात जाळं गेलं तर ते कापायला आज पाण्यात कोण उतरणार? नि कापून होईस्तोवर भरती थांबणार हाय काय?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं.

या पात्याचं काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. आम्ही चाउंगात आलो तेव्हा प्रत्येक बोट जाळ्यांवरून सरळ जायची. कुठे थांबायचं नाही, वेग कमी करायचा नाही, असा नियमच होता. बांबू मोडायचे, जाळी फाटायची. कधी जाळं पंख्याला गुंडाळलं जायचं आणि मग सुरी दातात धरून एकाला बुडी मारावी लागायची. हसनमामूंनी मात्र पहिल्या दिवसापासून एकाही जाळ्यावरून बोट नेली नाही. नौदलात येण्याआधी ते गलबतावर तांडेल होते. आमच्या किनाऱ्यावर दुसऱ्याच्या जाळ्यावरून नाव नेणाऱ्याला तांडेल म्हणत नाहीत. तो अडकला तर त्याला कुणी दोर टाकत नाही. चेरियनसाहेब सुरुवातीला भडकले. "ही बोट नौदलाची आहे की धर्मादाय दवाखान्याची?" असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं. मामू म्हणाले, "नौदलाची, साहेब. पण जाळं फाटलं की एक घर बसतं." आणि पुढच्या खुंटांना पुन्हा वळसा घातला. त्यांच्याइतका चिखल ओळखणारा सुकाणी तुकडीत दुसरा नव्हता, म्हणून साहेबांनी ते चालवून घेतलं.

मग एक दिवस एक म्हातारा दिसला. कमरेइतक्या चिखलात उभा राहून, फाटलेलं जाळं दोन्ही हातांनी वर धरून तो आम्हाला शिव्या देत होता. भाषा कळत नव्हती, पण शिव्या कळत होत्या. सकाळी दुसऱ्या एका बोटीने ते फाडलं होतं. मामूंनी साहेबांना न विचारता बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, चिखलात घातली, आमच्या सामानातली सुतळी घेतली आणि उतरून म्हाताऱ्याच्या उपड्या होडीवर जाऊन बसले. जाळं मांडीवर घेऊन भोकं भरू लागले. म्हातारा आधी नुसता त्यांच्या बोटांकडे पाहत राहिला. मग त्याने जाळ्याचं दुसरं टोक घेतलं. गाठ तीच होती. जैतापूरला मारतात तीच.

"मामू," गुणाजी तोफेवरून ओरडला, "हय लढाई चालली असा! तुमी विणकाम खंय काढलात?"

म्हाताऱ्याचं नाव ऊ सान, असं काहीसं आम्हाला ऐकू आलं. दोघांना एकमेकांचा एक शब्द येत नव्हता. हातांनी बोलून त्यांनी ठरवलं : जाळं पाण्यात असेल तेव्हा खुंटांना पातं बांधायचं, बोट वळसा घालील. पातं नसेल तर जाळं नाही. बोट खुंट मोडून सरळ गेली तरी कुणाचं काही जात नाही, बांबू पुन्हा रोवता येतात. बघता बघता सगळ्या चाउंगात पाती दिसू लागली. आमच्या एकट्या बोटीसाठी. दुसऱ्या बोटी तशाच जात होत्या. पोरं काठावर येऊन हात करायची. गुणाजी म्हणायचा, मामूंनी चाउंगात रेल्वेचे सिग्नल बसवले. पुढे पुढे चेरियनसाहेबांनाही त्याची गोडी लागली. दुर्बिणीतून खुंट पाहायचे आणि मामूंच्या आधी स्वतःच म्हणायचे, "पातं नाही. सरळ."

त्या दिवशी दुसऱ्या वळणावरच्या खुंटांना पातं नव्हतं. मामूंनी बोट पूर्ण वेगात तशीच वर घातली. नाळेखाली बांबू कटाकट मोडले आणि मागे तरंगत राहिले.

"बघा," मामू साहेबांना म्हणाले. "वाचला की नाय वेळ?"

त्यानंतर ऊ सानचं गाव लागलं. चुलींचा धूर नव्हता. काठावर होड्या नव्हत्या. हात करायला एकही पोर आलं नाही.

"कुठे गेले सगळे?" साहेबांनी विचारलं.

"गोळीबार आयकल्यानी आसतलो," गुणाजी म्हणाला. "पळान गेले."

वरच्या अंगाला थांबून थांबून गोळीबार ऐकू येत होताच. मामूंनी मान जरा तिरपी केली होती. आवाज थांबला की त्यांचा अंगठा चाकावर घासायचा आणि पुन्हा आला की थांबायचा. गोळीबार चालू आहे म्हणजे टेकाड अजून आपल्याकडे आहे.

"त्याची आई नको म्हणत होती," ते एकदम म्हणाले. माझ्याशी बोलत होते, पण नजर पुढेच होती. "म्हणाली, एक समुद्रावर दिलाय, दुसरा नाय देणार. मी म्हटलं, माझ्या नजरेखाली राहील. साहेबांच्या पाया पडून याच तुकडीत घेतला त्याला. नि इथं आल्यावर फौजेच्या कप्तानानं विचारलं, किनाऱ्यावर बिनतारी घेऊन कोण उतरतो? तर आधी हात कुणाचा वर?"

"याकूबचा."

"मदरशात पण तेच. उत्तर ठावक नसलं तरी हात वर." त्यांनी चाक जरासं सरळ केलं. "शुद्धीवर आहे, असंच होतं ना त्यात?"

"असंच होतं."

"पायाला लागलं असलं तर काय नाय. पाय असतो नि नसतो. पोटाला लागलेला माणूस शुद्धीवर असला तरी..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. "पिण्याचं पाणी भरून घेतलंय ना वर द्यायला?"

"सगळे डबे भरलेत."

"त्याला एकदम जास्त देऊ नको. घोट घोट दे. तो ढसाढसा पितो."

शेवटचं वळण घेतलं आणि टेकाड समोर आलं.

उजव्या काठावर, गोळीच्या टप्प्याच्या जरा पलीकडे. लाल मातीचं, वरून बोडकं. पायथ्याशी झाडीत माणसं हलताना दिसत होती. आमच्या आणि टेकाडाच्या मध्ये पाण्यात खुंटांची रांग होती. उजव्या काठापासून निघालेली. नेहमीसारखीच, डाव्या बाजूला मोकळं पाणी सोडलेली.

टेकाडाच्या उतारावर एकजण उभा होता. एका हाताने त्याने दुसऱ्या शिपायाचा खांदा धरला होता. दुसऱ्या हाताने काढलेला सदरा डोक्यावर गरागरा फिरवत होता.

"उभा हाय," मामू म्हणाले.

"कोण?"

"याकूब. बघ, जिवा, उभा हाय रे तो!"

डेकवरच्या सगळ्यांनी तिकडे पाहिलं. साहेबांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. गुणाजी तोफेवर उभा राहून बोंबलला, "याकूब्या, मेल्या, खाली बस! गोळी खाशीत!" हे तिथवर ऐकू जाणं शक्य नव्हतं, पण मामू हसले. मोठ्याने हसले. त्यांचा चेहरा टेकाडाकडे होता आणि हातांनी वेग उतरवला, चाक डावीकडे फिरवलं, बोट मोकळ्या पाण्याकडे वळवली. इतके आठवडे रोज करत आले तसं. मी त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर उभा होतो. त्यांनी एकदाही पाण्याकडे पाहिलं नाही.

तोफ डाव्या काठावरच्या कांदळात होती. मोकळ्या पाण्याच्या अगदी तोंडाशी, आणि इतकी जवळ की नेम धरायची गरजच नव्हती.

पहिला गोळा चाकाच्या खोलीतून आरपार गेला. हसनमामूंना त्यानंतर मी पाहिलं नाही. तिथे पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुसरा इंजिनात बसला. गुणाजीने तोफ डावीकडे फिरवली, तिचा आवाज थोडा वेळ झाला आणि मग बंद पडला. बोटीने आपणच गिरकी घेतली. भरतीचं पाणी तिला खुंटांवर घेऊन गेलं आणि मी पाण्यात होतो.

एक बांबू हाताला लागला. मी त्याला मिठी मारली आणि पाय वर ओढून घेतले. खुंटाखाली जाळं असणार, त्यात पाय अडकला की माणूस बुडतो, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. पण पायाला काही लागेना. मी पाय सोडले, चाचपून पाहिलं. खाली नुसतं पाणी होतं. बांबू ओला हिरवा होता. तोडल्या जागी अजून रस होता. मी वर पाहिलं. शेंड्याला पातं नव्हतं. शेजारच्यालाही नव्हतं. सगळ्या रांगेत एकही पातं नव्हतं. हे मी पाहिलं, पण त्याचा अर्थ लावण्याइतकं डोकं चालत नव्हतं. कानात एकसारखी शिट्टी वाजत होती.

तिथून टेकाड दिसत होतं. याकूब अजून उभा होता. सदरा फिरवणं थांबलं होतं.

आमच्यापैकी सहाजण जगलो. साहेबांना तोंडावर भाजलं होतं. फुटलेल्या फळीला धरून आम्ही कांदळाच्या मुळांत पडून राहिलो, ओहोटी लागल्यावर तिच्याबरोबर खाली वाहत आलो, आणि दुसऱ्या बोटीने आम्हाला उचललं. टेकाडाकडे त्या दिवशी दुसरी बोट गेली नाही. अंधार पडल्यावर तिथल्या धडधाकट शिपायांनी कांदळातून वाट काढली. नेता येतील तेवढे जखमी पाठीवर घेतले. सतरांपैकी चार. याकूब त्या चारांत होता. तो किडकिडीत होता. उचलायला हलका.

चितगावच्या फौजी इस्पितळात आम्ही सगळे एकाच वॉर्डात आलो. माझ्या खांद्यात आणि पाठीत लाकडाच्या ढलप्या होत्या. याकूबचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापला होता. तो खिडकीजवळ होता. वडील गेल्याचं त्याला सांगावं लागलं नाही. त्याने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याविषयी तो काही बोलत नव्हता. आईला कुणी कळवलं, जैतापूरला तार जाते की राजापूरला, असलं काहीतरी विचारायचा.

काही आठवड्यांनी चेरियनसाहेबांनी मला त्यांच्या खाटेशी बोलावलं. तोंडावर पट्ट्या होत्या, त्यामुळे शब्द अर्धवट फुटत.

"चाउंग घेतला आपण," ते म्हणाले. "गावातले लोक परत आले. काल एक अधिकारी येऊन गेला, त्याने त्यांचे जबाब घेतले."

"कसले जबाब?"

"ते खुंट आदल्या दिवशी रोवले होते. जपान्यांनी गावकऱ्यांकडून रोवून घेतले. बाकीचं गाव कांदळात कोंडून ठेवलं होतं. जपान्यांना ठाऊक होतं, मोंडकर. एवढ्या बोटींत एकच बोट आहे जी खुंट दिसले की हळू होते आणि वळते. कुठून वळते, तेही ठाऊक होतं. त्यांनी ते रोज पाहिलं होतं."

मी खाटेच्या कडेवर बसलो.

"रोवणाऱ्यांत तुमचा म्हातारा होता. जपानी अधिकाऱ्याने त्याला विचारलं, बाकीच्या खुंटांना पाती असतात, यांना का नाहीत? म्हातारा म्हणाला, पाती जाळं सोडल्यावर बांधतात. अधिकाऱ्याला ते पटलं." साहेब दम घ्यायला थांबले. "तोफेचं काम झाल्यावर त्यांनी म्हाताऱ्याला बक्षीस म्हणून तांदूळ दिले."

"पाती मुद्दाम बांधली नाहीत त्याने."

"डोक्यावर बंदूक असताना त्याला तेवढंच करता आलं. तो सांगत होता, सरळ या. उजव्या काठाने पूर्ण वेगात सरळ खुंटांवरून गेलो असतो, तर त्या तोफेला एक गोळा मिळाला असता. फार तर दोन, आणि तेही लांबून." त्यांनी पट्ट्यांतून माझ्याकडे पाहिलं. "माझ्या हातात दुर्बीण होती. मीही नाही पाहिलं. होडेकर काय पाहत होता?"

"टेकाड."

"टेकाड," ते म्हणाले. मग मान वळवून खिडकीकडच्या खाटेकडे पाहत राहिले. तिकडेच पाहत म्हणाले, "त्याला हे सांगू नकोस."

याकूब जाऊन आता चार वर्षं झाली. इस्पितळातून सुटल्यावर तो कुबड्या घेऊन गावी गेला आणि नोकरी संपेपर्यंत राजापूरच्या तार ऑफिसात कळ दाबत राहिला. लग्न केलं, मुली झाल्या. दर वर्षी ईदला मी देवगडहून जायचो. आमचं बोलणं मुलींचं, गलबतांचं, आंब्याचं व्हायचं. चाउंगचा विषय त्याने एकदाच काढला, तो तिथेच, चितगावला. तो असेतो मी हे कुणाशी बोललो नाही.

साहेबांनी मला सांगितलं, त्यानंतरची दुपार होती. मी त्याला पाणी द्यायला गेलो होतो. तो ढसाढसा प्यायला आणि पेला परत देताना माझं मनगट धरलं.

"जिवा, तू चाकाजवळ होतास ना?"

"होतो."

"बावाच्या किती जवळ?"

"अगदी शेजारी."

"मग मला एक सांग. मला उभं राहवत नव्हतं. पाय तेव्हाच गेल्यात जमा होता. तो शिपाई म्हणत होता, पडून राहा, बोट येतेच आहे. पण बोट वळणावर दिसली तसा मी त्याच्या खांद्याला धरून उभा राहिलो. म्हटलं, संदेश दुसऱ्याच्या हातचा गेलाय, बावानं जिवाला विचारलंच असणार, त्याला घोर लागलेला असणार. त्याला दिसावं, की मी उभा आहे." त्याने माझं मनगट सोडलं नव्हतं. "त्यानं मला पाहिलं काय?"

तांडेलाच्या घरातला मुलगा तो. खुंट म्हणजे काय, पातं म्हणजे काय, मोकळं पाणी कुठून निघतं, हे त्याला मी सांगायला नको होतं. मी हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न त्याने स्वतःलाच विचारला असता, आणि उत्तरही त्याला लगेच सापडलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "मामूंचं लक्ष पाण्यावर होतं."

त्याने हात काढून घेतला. पाय संपतो तिथे चादर सपाट झाली होती, तिच्याकडे तो पाहत राहिला.

"मला वाटलंच," तो म्हणाला. "मी आणखी जरा वर चढायला हवं होतं. वर झाडी नव्हती. तिथून दिसलो असतो."

"याकूब, गप पड आता."

"दिसलो असतो, जिवा. आणि मग बावा इकडेतिकडे न वळता सरळ माझ्याकडेच आला असता."